अठरा बाय अकरा

एकतीस वर्षं मी चादरींवर फुलं काढली.
आलेखाच्या कागदावर चौकोन भरायचे,
मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं निजून राहतो.
माझे गुलाब जहाजातून नैरोबीपर्यंत गेले,
एकावरही कधी माशी बसली नाही.

आता घरामागं अठरा बाय अकरा फूट मुरूम आहे,
आणि तोच कागद, तीच पेन्सिल.

होटगी रोडच्या नर्सरीत शिवलिंगप्पानं
पेटुनियाच्या पिशव्या पुढं केल्या.
"रंग बघा की काका, आठ दिवसांत बाग उभी करतो."
रंगाचं मला नको सांगू, म्हटलं,
मे महिन्यात हिचं काय होतं ते बोल.
तो हसला. "मेमध्ये दुसरी घ्यायची."

आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं,
तेही पहाटे, खोकत खोकत.
मी रिकाम्या हातानं परतलो.

मग तीन महिने लूना काढून नान्नजच्या वाटेला जायचो,
अभयारण्याच्या तारेच्या अलीकडं, सडकेच्या कडेला
उकिडवा बसायचो वही घेऊन.
पोरं म्हणायची, मोजणीवाला आला.
झाडांची नावं नंतर लिहिली,
आधी लिहिले पाहुणे:
काळा भुंगा तरवडाच्या फुलाला मिठी मारून थरथरतो,
अगदी बेअरिंग गेलेल्या लूमसारखा,
तेव्हा कुठं फूल पराग सोडतं.
पिवळ्या कोरांटीवर दुपारी अकरानंतर गर्दी.
मारवेलीचं पातं चोचीत धरून मुनिया उडते,
पातं तिच्याहून लांब.
रुईवर तर बारा महिने कुणीतरी असतंच,
पण ही म्हणाली, चीक नातवाच्या डोळ्यात जाईल.
रुई कुंपणाबाहेर गेली, कुंपणावर उतरण चढली.

शेंगा खिशात, मुळं ओल्या पोत्यात.
कागदावर तरवडाला बारा चौकोन,
शतावरीला भिंतीची सावली,
कोरांटी दाराशी नको, काटे आहेत, तरी दाराशीच.
एक कोपरा मी कोरा ठेवला.
"इथं काय?"
काही नाही.
"काही नाही म्हणजे?"
मातीत बीळ करून राहणाऱ्या मधमाश्या असतात,
त्यांना उघडी जमीन लागते.
ती कागदाकडं बघत राहिली. म्हणाली,
"आयुष्यात पहिल्यांदा जागा मोकळी सोडलीत."

पहिल्या उन्हाळ्यात सगळं गेलं.
म्हणजे वरून गेलं.
शेजारची राजव्वा चिलवेरी भिंतीवरून डोकावली,
"बाग संपली की हो तुमची."
मी म्हटलं, खाली आहे.
तिनं खाली बघितलं. मुरूमच होता.

भाद्रपद सरता सरता तीच राजव्वा
परात घेऊन दारात उभी,
डोळे तरवडावर, तोंड उघडं:
"तंगेडू! इथं! आम्ही बतुकम्माला
रिक्षा करून बाजारातनं आणतो."
माझ्या कागदावरच्या बारा चौकोनांना
दुसरं नाव आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.
घासाघीस झाली. सहा फांद्या तिच्या, बाकीच्या भुंग्याच्या.
तिनं सात तोडल्या.
भुंगा काही बोलला नाही, मीही नाही.

आज सकाळी उतरणीच्या पानाला भोकं.
एक, मग दोन, मग ओळीत न बसणारी कितीतरी.
ही फवाऱ्याची बाटली शोधायला आत वळली.
थांब, म्हटलं.
चष्मा पुसला, पान उलटं केलं.
काळे, पांढरे, पिवळे पट्टे, बोटाच्या पेराएवढी अळी,
मान खाली घालून
कार्ड पाडतेय.
नमुना कुणी दिला, कुणास ठाऊक.
काय उठणार आहे, त्याला अजून पंधरा दिवस.

मी पेन्सिल कानावर खोचली
आणि तिथंच, पायरीवर, बसून राहिलो.